वाटेत समुद्र लागतो का?

३ फेब्रुवारी
ताईने आईचं विमानाचं तिकीट पाठवलं. बाळंतपण पुढच्या महिन्यात. आईने तिकीट हातातसुद्धा घेतलं नाही, आधी विचारलं, "वाटेत समुद्र लागतो का रे?" — घाबरली. आता ही गेली नाही तर ताईचं कोण करणार? "बघून सांगतो," म्हणालो. चेहरा साधा ठेवला.

४ फेब्रुवारी
दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शिलाईची टेप भिंतीवरच्या जगाच्या नकाशाला लावली. इथला विमानतळ ते ताईकडचा — सरळ रेघ, बरीचशी निळ्यातून. साडेपंधरा हजार किलोमीटर भरलं. तिकिटावर प्रवास साडेचौदा तासांचा. विमान तासाला नऊशेच्या आसपास जातं असं वाचलं आहे. म्हणजे सतरा तास तरी हवेत! उरलेलं अंतर कसं कापणार? टेलरमास्तरांना विचारलं. "उतरून ढकलतील," म्हणाले आणि पुन्हा मशीन चालवायला लागले.

५ फेब्रुवारी
झोप नाही. गिऱ्हाइकाच्या शर्टाला काजं उलट्या बाजूला केली. उसवत बसलो.

६ फेब्रुवारी
मास्तरांना दया आली असावी. अस्तराचा तुकडा माझ्या खांद्यावर टाकला. चुण्या पडल्या. "खांदा गोल, कापड सपाट. बसवायचं तर कुठेतरी ताणावंच लागतं. तुझा नकाशाही तसाच ताणलेला. वरच्या अंगाला तर फारच. गोल वस्तूवर मोज, शहाण्या."

आई बाळासाठी टोपडं विणते आहे. तिचा लोकरीचा गोळा घेतला, अक्षांश-रेखांश बघून दोन गावांच्या जागी टाचण्या खोचल्या, मध्ये दोरा ताणला. दोरा आपोआप वर सरकला — पार उत्तरेला, बर्फावरून! गोळ्याचा घेर चाळीस हजार किलोमीटर धरला, तर दोरा साडेबारा हजारांचा. चौदा तास नीट बसले, अर्धा तास चढण्या-उतरण्याला. हिशेब पुन्हा करून पाहिला. बरोबर!

"आई, समुद्र नावालाच. सगळी जमीन नि बर्फ."
"हो का," म्हणाली. गोळा परत घेतला, टाचण्या एकेक करून काढल्या आणि विणायला लागली. जीव भांड्यात पडला असणार.

९ फेब्रुवारी
बॅग भरायला घेतली. आपणहून!

१५ फेब्रुवारी
आईला सोडून आलो. काउंटरवर म्हणते, "खिडकीजवळची जागा आहे ना?" मी सांगितलं, मधल्या रांगेतली घेऊन ठेवली आहे, खाली बघायलाच नको. "किती रे काळजी करतोस," एवढंच म्हणाली. माझ्या शर्टाची कॉलर सारखी केली आणि आत गेली.

दिवसभर मोबाइलवर विमानाचा ठिपका बघतो आहे. दोऱ्याच्या वाटेनेच चालला आहे. मास्तरांना दाखवला. "आता शिवायला बस," म्हणाले, पण दोनदा येऊन स्वतःच बघून गेले.

१६ फेब्रुवारी
पोचली! फोनवर आवाज अगदी ताजा. म्हणाली, "सगळं छान झालं. समुद्र तेवढा राहिला. जन्मात एकदा वरून बघायचा होता मला, म्हणून तर पहिल्यांदा तेच विचारलं होतं." मागून ताई हसत होती. "आणि ऐक, येतानाचं तिकीट दाजींनी बदललं आहे. लांबच्या वाटेने, मध्ये एकदा उतरून. सगळं पाणीच पाणी. खिडकी मागून घेतली."

उरलेल्या लोकरीचा गोळा काढला. या खेपेला टाचण्या तीन लागल्या.