जिवंतांच्या बाजूची मेणबत्ती

चि. तिबेरियुस अनेक आशीर्वाद.

काल तुला टीव्हीवर पाहिलं. कम्युनिस्ट पक्षाचा सेक्रेटरी होतास तेव्हा, तिथे पाद्री असणार म्हणून आपल्या आईच्या मातीलाही आला नाहीस. आता लोकशाहीचा सिनेटर झालास आणि कॅमेऱ्यांसमोर आईच्या नावाने चर्चमध्ये मेणबत्ती लावलीस. तिथे मेणबत्त्यांचे दोन कप्पे, एक मृतांसाठी, एक जिवंतांसाठी; पण तू लावलीस ती जिवंतांच्या!

शेजारची व्हेटा खदखदून हसली. "अहो सेवेरदादा, तुमच्या कॉम्रेडला अजून बाजू कळत नाही!"

मीही हसलो. मग शाळेतली आईवरची कविता आठवली. शेवटच्या कडव्याला तू थांबायचास, ते मीच पुरं करायचो.

तू तिला मातीत जाताना पाहिलंच नाहीस, बाळा. तुझ्यापुरती ती अजून दारात उभी आहे. चूक दाखवली, तर तुला तिला आज पुरावं लागेल. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही.

तुझा दादा,
सेवेर