खुडलेले शेंडे

अब्बा, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आपल्या शेतात लावलेल्या सोयाबीनच्या सहा वाणांपैकी बांधाकडच्या वाणाला चक्रभुंगा सर्वांत कमी लागला. ते मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही नसावं. मोजायच्या आधी तिथले सुकलेले शेंडे मीच खुडले होते. किती, ते मला माहीत नाही.

कोणता वाण किडीपुढे टिकतो हे बघायचं, म्हणून या तुकड्यात फवारणी करायची नाही, झाडाला हातही लावायचा नाही, नुसते दर आठवड्याला सुकलेले शेंडे मोजायचे. कॉलेजच्या सरांनी हे पहिल्याच दिवशी बजावलं. मी अम्मीला बजावलं, शेजारच्या भाऊंनाही, त्यांचा पंप इकडे वळू नये म्हणून. स्वतःला बजावायचं राहिलं. परवा शेळीला पाला घालताना अम्मी सहज म्हणाली, "तू रोज वंजळभर शेंडं आनतीस, म्हनून ही तुज्याच वाटंकडं बगती. बापाची सवय उचललीस." मी हसले, आणि मग हसता येईना.

तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, तरी तो दिवस लख्ख आठवतो. शाळेत नाव घालायच्या आधीचा पावसाळा. तुम्ही ओळीत उकिडवे बसता आणि माझं बोट खोडावरच्या दोन कड्यांवर टेकवता. भुंगा कुरतडून या कड्या पाडतो, मधे अंडं घालतो आणि वरचा शेंडा सुकतो. कड्यांच्या खाली खुडायचं, म्हणजे अळी खोडात उतरत नाही. मी एकेक शेंडा मोजत तुमच्या टोपीत टाकते. अंक मी तिथंच शिकले. सतरानंतर बेगडेवाडीकडून आगगाडीचा भोंगा येतो, मी तिकडेच बघत राहते आणि तुम्ही विचारल्यावर वीस म्हणते. तुम्ही टोपी उपडी करता. रागावत नाही. "मोजलं न्हाई तर न्हाई मोजलं म्हन. त्यात लाज न्हाई."

आता मला काहीच धड कळत नाही. हाच वाण शेतात आणखी दोन ठिकाणी आहे. एकीकडे भुंगा कमी, दुसरीकडे इतरांएवढाच. मग गुण वाणाचा की माझ्या हाताचा? कधी वाटतं, बांधावरून येता-जाता चार-पाचच खुडले असतील. कधी वाटतं, अम्मी म्हणते तसं रोजच. वहीत नोंद नाही, कारण आपण खुडतोय हेच मला कळत नव्हतं. सर खूश आहेत. भाऊ पुढच्या वर्षासाठी हेच बी मागतात. म्हणतात, "तुज्या भरवशावर फवारनी सोडतो, पोरी." आणि मला त्यांचं अख्खं शेत मान टाकलेलं दिसतं. सांगितलं तर माझा प्रबंध वर्षभर मागे जाईल. न सांगितलं तर ते शेत जाईल, किंवा कदाचित काहीच होणार नाही. हे ‘कदाचित’च मला झोपू देत नाही.

हे पत्रही मागच्यासारखं वहीतच राहणार. आज हात पाठीमागे धरून ओळींतून चालले, तरी बांधाच्या टोकाला एक शेंडा खुडलाच. तो या पानात ठेवलाय. सर वडगाव स्टेशनवर उतरले की तिथंच त्यांना सांगणार आहे, बांधाकडच्या ओळी मोजल्या नाहीत असं लिहा. येत्या मंगळवारी, सकाळी.