पांढऱ्या मांजरीचं हळदीकुंकू

६ जानेवारी २०१८

आलो बाई एकदाचे स्वतःच्या घरात! सासरे रिटायर झाले, दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सुटलं, सासू-सासरे नाशिकला गेले आणि आम्ही तिघं इथे, ग्रेटर नोएडात, अकराव्या मजल्यावर. मजल्यावर चार फ्लॅट, राहता एकच, आमचा. अविनाश म्हणतो, मजा आहे यार, अख्खा कॉरिडॉर आपला. धुक्यात समोरचा टॉवर दिसत नाही, तेही बरंच, अजून अर्धाच बांधलाय.

तनयाने रिकाम्या खोल्यांतून पळून पळून घर डोक्यावर घेतलं. चार वर्षांची कार्टी, निम्म्या गप्पा हिंदीत. नवं घर म्हणून तिला हौसेने बांगड्या भरल्या, तर लगेच काढून सोफ्याखाली फेकल्या. हातात काही टिकेल तर शपथ!

९ जानेवारी

खालच्या मजल्यावर मराठी शेजारीण निघाली! नीलाताई. नवरा फौजेतून रिटायर झालाय. त्यांचं इंटरनेट अजून आलं नाही, म्हणून मी आपल्या वायफायचा पासवर्ड देऊन टाकला. अविनाशने कपाळाला हात लावला.

त्याच्याकडून आज एक छान गोष्ट शिकले. मोबाइलमधले फोटो लॅपटॉपवर न्यायला वायर नको, मेल नको. दोन्हीकडे ब्राउझरमध्ये एकच पान उघडायचं. घरच्या वायफायवर ज्यांनी ज्यांनी ते उघडलंय, ते एकमेकांना गोलांच्या रूपात दिसतात. गोलावर बोट ठेवलं, की फाइल तिकडे पोचते. त्या गोलांना नावंही पानच ठेवतं, प्राण्यापक्ष्यांची. माझा मोबाइल निघाला लाल हत्ती. अविनाश इतका हसला, की मी त्याला संध्याकाळचा चहाच दिला नाही. लॅपटॉप निळा बगळा. बाहेरचं कुणी यात येऊच शकत नाही, दिसेल ते आपल्याच वायफायवरचं, असं त्याने दोनदा सांगितलं. मी लगेच खाली जाऊन नीलाताईंनाही ते पान दाखवून आले.

१४ जानेवारी, संक्रांत

अविनाश ऑफिसच्या कामाला बंगळूरला गेलाय. सकाळी पान उघडलं तर तिसरा गोल, पांढरी मांजर. म्हटलं नीलाताईच. शुक्रवारच्या हळदीकुंकवाचं कार्ड लॅपटॉपवर तयारच होतं, दिलं पाठवून. खाली लिहिलं, नक्की या, ओटी भरायचीय. तिकडून लगेच स्वीकारलं.

सासूबाईंना फोनवर सांगितलं तर रागावल्या. कुंकवाचं बोलावणं असं देतात होय? दारात जायचं, तोंड बघायचं, कुंकू लावायचं, मग बोलवायचं. आपण कोणाला घरात घेतोय ते कळायला नको? मी आपलं हो हो म्हटलं. आता कोण जातं दारोदार!

तनयाने विचारलं, ओटी म्हणजे काय. मी पदर पसरून दाखवला आणि तिलाच आत बसवलं. भारी आवडलं तिला.

१६ जानेवारी

पांढऱ्या मांजरीकडून फोटो आला. हिरव्या साडीचा पसरलेला पदर, रिकामा. पदर धरलेल्या हातात हिरव्या बांगड्या. तोंड नाही. मला गंमत वाटली, म्हणून नीलाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कसला फोटो? संक्रांतीला ती दोघं पहाटेच पानिपतला गेली होती, काला अंबला, मराठ्यांच्या युद्धस्मारकावर, दरवर्षी जातात. मोबाइल त्यांच्या पर्समध्ये होता. आणि ते पान मी दाखवल्यापासून त्यांनी उघडलेलंच नाही.

मग माझं बोलावणं घेतलं कोणी?

फोटो मोठा करून पाहिला. पदराखालची फरशी आमच्या हॉलची आहे.

१७ जानेवारी

पासवर्ड बदलला. लाल हत्ती आला, निळा बगळा आला. मांजरही आली. अविनाश फोनवर म्हणाला, कुछ नहीं यार, जुनं नाव अडकलं असेल, राउटर बंद करून चालू कर. केला. नवा फोटो आला. तोच पदर, पण आता मागे तनयाची पिवळी सायकल. सायकल तिच्या खोलीत असते.

मी घाबरलेय, उघड लिहिते. माझं काही नाही, पण पोरीला काही झालं तर?

१९ जानेवारी

हळदीकुंकू रद्दच करणार होते. नीलाताई म्हणाल्या, चार बायका आल्या की तुलाच बरं वाटेल. आल्या, हसल्या, गेल्या. एक ओटी उरली होती, ताटात तांदूळ आणि नारळ. मी कप आत ठेवून आले तर ताट रिकामं. तनया म्हणाली, हिरव्या साडीवाल्या आंटीची ओटी तिने भरली. आंटी म्हणाली, नारळ नको. इथे तू बस.

नारळ तनयाच्या उशीवर सापडला.

मी बोलावलं तिला. मीच.

२० जानेवारी

धुक्याने अविनाशचं विमान रद्द. नीलाताईंची गाडी सर्व्हिसिंगहून संध्याकाळी येईल, मग आम्हाला घेऊन जातील. वायर उपटून राउटर कपाटात टाकला. तरी पानावर मांजर आहे —

दुपारी

फोटो. पदरात खळगा. कोणीतरी बसून उठल्यासारखा.

तनयाला आता सोडत नाही. हात धरूनच —

संध्याकाळी

लाइट गेले. नीलाताई जिन्याने वर येतायत, फोन आला. तनया शेजारीच आहे, तिचा हात माझ्या डाव्या हातात घट्ट. उजव्याने लिहितेय, नाहीतर वेड लागेल. लॅपटॉपचा तेवढा उजेड.

चौथा गोल आला. त्यावर प्राण्याचं नाव नाही.

तनया.

फाइल येतेय. नको म्हटलं. तरी येतेय — वरून उघडतेय — हिरवा पदर — भरलेला — मी विणलेला तिचा स्वेटर —

नाही. तनया इथे आहे. हात धरलाय मी. एकदाही सोडला नाही, देवाशप्पथ —

हात हलला. बांगड्या वाज