घर ओहोटीला निघालं

प्रिय भाऊ सांकाला,

पत्र हातात घेतलंस तर आधी खाली बस. मध्येच घडी घालून खिशात टाकू नकोस. शेवटपर्यंत वाचावंच लागेल, का ते शेवटी कळेल.

बातमी अशी, की आपलं घर आता तुझ्या जमिनीवर नाही. गेल्या शुक्रवारी नमाज आटोपल्यावर गावानं ते उचललं आणि ओहोटीच्या वाळूवरून खाडीपलीकडे, बेस्सेच्या माडांत नेऊन ठेवलं. भिंती, छप्पर, जिना, सगळं उभंच्या उभं गेलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली एक फळी तेवढी निसटली. ती मी स्वतः ठोकली आणि वाकडी ठोकली.

जमीन तुझी होती, हे मी आजही म्हणते. बाप म्हणून तेत्तांनी जाताना सगळ्यांदेखत सांगितलं होतं, जमीन मुलाला, घर आईला आणि तिच्यामागे मुलीला. आपल्याकडे पूर्वापार असंच चालत आलंय. तू जमीन त्या हॉटेलवाल्या कंपनीला विकलीस, तेव्हा मला वाईट वाटलं, पण मी तोंड उघडलं नाही. माझा हक्क नव्हता. माड गेले, विहीर गेली, तेत्तांनी बांधलेला धक्का गेला. पण घर तुझं कधी झालं? आपल्या घराचे खांब जमिनीत पुरलेले नाहीत, दगडांवर नुसते टेकलेले आहेत. जे टेकलंय ते जमिनीचं नव्हे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मकासारला सिमेंटच्या घरात राहून राहून तू ते विसरलास. मला आधी वाटलं, तू मुद्दाम केलंस. नंतर वाटलं, नाही, खरंच विसरला असेल. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अम्माला डोळ्याच्या ऑपरेशनला तू नेलंस, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. हे तोंडदेखलं लिहीत नाही. इथल्या दवाखान्यात ते झालं नसतं. बोटीत चढताना ती एका हातानं सारोंग सावरत ओरडत होती, "जुम्रिया, कोंबड्यांना उपाशी मारू नकोस, मी आलेच!" पट्टी निघाली की आणून सोडतो म्हणाला होतास. त्यानंतर रमजान येऊन गेला. मी फोन करावा आणि तू म्हणावंस, अम्मा झोपलीय, अम्मा अंघोळीला गेलीय. बांगेच्या आधी उठून चूल पेटवणारी बाई तुझ्याकडे एवढी कशी रे झोपते? शेवटी एकदा थोरल्या बहिणीची समजूत काढावी तसं तू बोललास, "दाएङ, ती परत येऊन राहणार कुठं? घर तर पाडणारेत." मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी घर उचलताना आरोळी देणाऱ्या मासिगाचाचांकडे गेले.

म्हातारे जाळं विणत बसले होते. घर उचलायचं म्हटल्यावर मान वर न करता म्हणाले, "माणसं कुठायत? निम्मे गेले मलेशियाला, उरलेल्यांना कंपनीनं कामं देतो म्हणून सांगितलंय." मी म्हटलं, विचारून तर बघू. मग बेस्सेकडे गेले. अम्माची मैत्रीण म्हणजे सरळ उत्तर मिळणार नाही हे ठाऊकच होतं. "माझ्या माडांत? बघ हं बाई, नारळ पडला तर तुझ्याच टाळक्यात पडणार," म्हणाली, आणि त्याच दुपारी जागा झाडायला लागली.

शुक्रवारी आम्ही बांबू बांधत होतो, तेवढ्यात कंपनीचा मुकादम आला. जावाकडचा आहे, माणूस वाईट नाही, घामाघूम झाला होता. म्हणाला, "बाई, कागदात घरासकट लिहिलंय." मासिगाचाचा म्हणाले, "लिहिलंय ना? मग कागदातलं घर तुम्ही ठेवा. आम्ही हे नेतो." सगळे हसले, तोही थोडा हसला. मग त्यानं मला कागद दाखवला. खाली तुझी सही होती, आणि शेजारी अम्माचा अंगठा.

मी तारीख पाहिली. त्या दिवशी अम्माच्या एका डोळ्यावर पट्टी होती, आणि दुसऱ्यानं तिला दिसत नव्हतं. तू तिला काय सांगून तो अंगठा घेतलास, मला माहीत नाही. मी अंदाज करणार नाही, कारण माझे अंदाज या दिवसांत फार कडू असतात. बेस्सेशिवाय गावात मी हे कुणाला सांगितलं नाही. मुकादमाला मात्र म्हटलं, "दगड ठेवते. ते जमिनीत रुतलेत, म्हणजे तुमचे." नव्या जागी आम्ही समुद्रातून दुसरे आणले.

आता उचलण्याचं सांगते. मधल्या नाभीच्या खांबाला घरचा पुरुष खांदा लावतो. घरचा पुरुष तू. सगळे आपापल्या बांबूपाशी उभे राहिले आणि ती एक जागा रिकामी. इमामसाहेब म्हणाले, चुलतभावाला उभं करा. मी सारोंग खोचला आणि जाऊन उभी राहिले. मागून कुणीतरी पुटपुटलं, बाईनं नाभीला हात लावला की घर रुसतं. मी म्हटलं, "रुसू दे. माझं आहे, माझ्यावरच रुसेल." चाचांनी आरोळी दिली.

पहिल्यांदा घर हललंच नाही. "नवरा नाही, पोरं नाहीत, आणि संसार केवढा जड केलायस गं!" पलीकडून टोमणा आला. "पुस्तकं आहेत तिची!" दुसरा ओरडला. ती तर मी आदल्या दिवशीच हलवली होती, पण बोलायला दम कुणाला होता. दुसऱ्या आरोळीला ते उठलं. मागच्या गल्लीत कंपनीचं कुंपण, म्हणून किनाऱ्यानंच जायचं होतं. खाडीच्या तोंडाशी वाळू भुसभुशीत निघाली, डावीकडचे गुडघाभर रुतले, आणि घर त्या बाजूला कलंडलं. ओहोटी संपून भरतीचं पाणी चढायला लागलं होतं. त्या क्षणी मला वाटलं, माझ्या हट्टापायी कुणाचा तरी पाय मोडणार. हे अम्मासाठी करतेय की तुला दाखवायला, हा प्रश्नही तेव्हाच पडला, आणि त्याचं स्वच्छ उत्तर माझ्याकडे अजून नाही. तेवढ्यात बेस्सेनं पलीकडे गावासाठी चुलीवर चढवलेला भात तसाच सोडला आणि पाण्यात शिरली. "अगं, बघताय काय, तमाशा आहे का?" म्हणत तिनं बांबू धरला. तिच्यामागून सगळ्या बायका आल्या. कंपनीत काम मिळणार म्हणून घरी बसलेली तीन-चार तरणी माणसंही आली, खाली मान घालून. घर सरळ झालं आणि पलीकडे गेलं. भात करपला. करपलेला चिकट भात आणि सुकी मासळी गावानं हसत खाल्ली.

माझ्या खांद्याचं कातडं सोललंय. दुखतं, पण तक्रार नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. फोन तुझ्या हातात असतो, म्हणून अम्माला मी काही सांगू शकत नाही. हे पत्र घेऊन आलेली बेस्से आत्ता तुझ्यासमोर बसली आहे. तिला चहा दे, साखर जास्त लागते. मग अम्माला बाहेर बोलाव, आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून तिला मोठ्यानं वाचून दाखव. अंगठ्याचा भागही वाच. काही गाळलंस तर बेस्सेला कळेल, मी तिला ते दोनदा ऐकवलंय. वाचून झालं की अम्माला विचार, कुठं राहायचंय. मकासारला म्हणाली, तर बेस्से एकटी परत येईल आणि मी पुन्हा हा विषय काढणार नाही. मला त्रास होईल, पण नाही काढणार. फक्त उत्तर तिनं द्यायचं, तू नाही. बोट उद्या दुपारी सुटते. बेस्सेनं दोघींची जागा धरून ठेवली आहे.

तुझीच, तुझ्यावर रागावलेली बहीण,
जुम्रिया