ओल्या पाहुण्यांना पाणी

शुक्रवार, १३ डिसेंबर १९९६. माहूज, बाहरीन

सगळ्यात आधी आली ती अरुणा नव्हेच! वरच्या मजल्यावरची ही बाई उगाच मिरवते, आजींना पहिली मीच भेटले म्हणून. तिच्या आधी तिघं येऊन गेले. मुलगा उज्ज्वल, सूनबाई ज्योत्स्ना आणि नात श्रावस्ती नईमच्या बाजारात भाजी आणायला गेलेले. मी एकटी, विमानाचा शीण अजून अंगात, आणि दार वाजलं. तीन उंच गोरे बाप्ये, पिवळ्या दाढ्या, कपडे ओलेगच्च. म्हटलं, उज्ज्वल जहाजं दुरुस्त करतो, तिथले साहेब असतील. हात जोडून जयभीम केला. ते मुकेच.

दारी आलेल्याला आधी पाणी, नावगाव मागून. माझ्या आईला गावानं विहिरीवर कधी चढू दिलं नाही, म्हणून आपल्या दारातून कुणी तहानलेलं जायचं नाही, ही तिची शिकवण. इथलं नळाचं पाणी मचूळ, मी कॅनमधलं गोडं दिलं. बाई गं, काय ती तहान! अख्खा कॅन संपवला. निघाले तेव्हा म्हटलं, या हं परत.

सूनबाईनं फरशी बघितली आणि म्हणाली, आई, अंघोळ हॉलमध्येच उरकली वाटतं!

डायरी श्रावस्तीनं दिली. साक्षरता वर्गात शिकलेलं विसरशील, लिही म्हणाली. पंधरा वर्षांची झाली, केवढी उंच! मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत. पण मांडीवर डोकं ठेवून पडते. डोळे निवले माझे.

मंगळवार, १७ डिसेंबर

आले की परत! भर दुपारी. श्रावस्तीची शाळा लवकर सुटलेली. तिला म्हटलं, आज पाणी तू दे, शीक जरा. दिलं तिनं नीट, दोन्ही हातांनी. ते निघताना मी तिला कोपरानं ढोसलं, पाहुण्याला जा म्हणायचं नसतं. तेव्हा लाजत म्हणाली, या. मधला दाढीवाला तिच्याकडे बघतच राहिला.

ती म्हणते त्यांच्या बोटांना नखं नव्हती. मी म्हटलं, गप, पाहुण्यांची कुणी नखं बघतं का?

फरशी वाळली तर पांढरं मीठ. दोनदा पुसली. गुडघे बोलायला लागले.

शनिवार, २१ डिसेंबर

पोरगी शाळेतून येते ती आडवीच होते. केसांना समुद्राचा वास. पोहायला गेली होतीस का विचारलं, तर नाही. तळहात उघडून बघितले. फोड! दिवसभर कुदळ मारली की मला यायचे, तसले. पेन धरवत नाही तिला. आय ॲम फाईन, आजी, एवढंच म्हणते. सूनबाई म्हणते टेनिसनं होतात. दोन्ही हातांना?

ते रोज दुपारी येतात. मी पाणी देते, मीठ पुसते. दमले बाई.

सोमवार, २३ डिसेंबर

खाली नॉर्वेची म्हातारी राहते, नाव जिभेला झेपत नाही, मी रागनबाई म्हणते. जिन्यातलं मीठ बघून पांढरीफटक पडली. अरुणानं मध्ये बसून तिचं बोलणं मराठीत सांगितलं. उज्ज्वलकडे सध्या दुरुस्तीला आहे ते जहाज तिच्याच देशाचं, त्याच्यामागूनच हे आले. तिकडे समुद्रात बुडालेले, माती न मिळालेले, थंडीत जमिनीवर पाणी मागत फिरतात. अर्धी होडी असते त्यांची. जो आपल्या हातानं पाणी देतो आणि या म्हणतो, त्याला वल्ही मारायला नेतात. आधी झोपेत. मग कायमचं.

मी म्हटलं, आधी तर मी दिलं. अरुणा म्हणाली, आजी, वल्ह्याला तरणे हात लागतात.

उपाय एकच. पहिल्यांदा घरात घेतलं त्या बाईनं उंबऱ्यावर सांगायचं, तुम्हाला इथं पाणी नाही, निघा. यापुढं घोटभर जरी दिलं, तर मग सांगूनही उपयोग नाही.

हे मी म्हणू? हेच तर आई ऐकत आली.

मंगळवार, २४ डिसेंबर

आले. मी दारात उभी. शब्द ओठावर होता. मधल्याचे ओठ मिठानं फुटलेले. त्यानं ओंजळ पुढे केली —

आई अशीच ओंजळ धरायची. वरून, लांबून ओतायचे.

हात आपसूक कॅनकडे गेला. दिलं मी. दिलं —

बुधवार, २५ डिसेंबर

श्रावस्ती झोपेत हात ओढते. पुढे, मागे. पुढे, मागे. फोड फुटले. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा. उज्ज्वलला सगळं सांगितलं, तो म्हणाला, आई, तू नीट झोप आधी.

आले. म्हटलं, मला न्या. म्हातारी आहे पण कष्टाची आहे. माझ्या हाताकडे बघून माना हलवल्या.

मग म्हटलं. पाणी नाही. निघा. आवाज माझा नव्हताच, गावच्या पाटलिणीचा —

पायरी उतरले. आणि मागून श्रावस्ती, डोळे मिटलेले, अनवाणी, त्यांच्यामागे. वेणी धरली मी. ओढून आणली.

मधला पहिल्यांदा बोलला. भाषा कुठली, ठाऊक नाही. कळलं मात्र. कालचं पाणी पोटात आहे म्हणाला, मुलीला न्यायला येतो.

एका हातात वेणी, दुसऱ्यानं लिहितेय. ती ओढतेच आहे — पुढे, मागे —

शुक्रवारी म्हणाला. परवाच. दुपारची बांग झाली की —