ऐच्छिक निबंध

१४ नोव्हेंबर, गुरुवार

लोरीनने आज डोक्यात किडा सोडला.

दवाखान्यात दुपारी डबा खाताना मी सहज म्हणाले – मारेनचा थॉर्नबी कॉलेजचा प्रवेशअर्ज गेला, आता तिथल्याच गुणवत्ता शिष्यवृत्तीचा निबंध लिहितेय. लोरीन सूपचा चमचा हवेत धरून बघत राहिली.

‘‘शिष्यवृत्ती मागतेय? मग प्रवेश विसर. माझ्या पुतण्याने मागितली होती. गेलं ना दोन्ही! तीच माणसं वाचतात गं सगळं. पैसे मागणारी पोरं वेगळ्या गठ्ठ्यात.’’

लोरीन लोकांचे दात साफ करते, कॉलेजं चालवत नाही. मला कळतं ते. तरी डबा अर्धा तसाच बंद केला. शंभरातली नऊ मुलं घेतात तिथे. नऊ! त्यात आपणच आपल्या पोरीच्या पायात खोडा घालायचा?

१५ नोव्हेंबर

शाळेत टिबेट्सबाईंना फोन केला. बारावीच्या सगळ्या मुलांचे कॉलेजचे अर्ज त्याच बघतात.

‘‘काही संबंध नाही हो. गुणवत्तेची शिष्यवृत्ती वेगळी, गरजेपोटी मागितलेली मदत वेगळी. मदत मागितली तर काही कॉलेजं हात आखडतात, ते खरं. पण शिष्यवृत्तीचा निबंध चांगला झाला तर फायदाच.’’

मी विचारलं, ‘‘शंभर टक्के?’’

‘‘शंभर टक्के तर मी माझ्या नवऱ्याचीही खात्री देत नाही.’’

हसल्या. मलाही हसावं लागलं. फोन ठेवल्यावर तेवढंच वाक्य लक्षात राहिलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

जेवताना कर्टने निकाल देऊन टाकला. ‘‘शिष्यवृत्ती मिळाली तर थॉर्नबी. नाहीतर इथलं डलूथचं विद्यापीठ, बसने जा-ये करता येते. कर्ज काढून नाही. मी साठीपर्यंत बर्फ उपसायचा का?’’ काउंटीचा रस्त्यावरचा बर्फ हटवणारा नांगर चालवतो तो, अठरा हिवाळे झाले. त्याचं चुकत नाही. आम्ही अशा मधल्या पायरीवर आहोत की मदत मागावी तर श्रीमंत ठरतो, फी भरावी तर गरीब.

मारेन मान खाली घालून ‘‘हो बाबा’’ म्हणाली आणि ताटातले बटाटे एका रांगेत लावत राहिली.

तिला दगड शिकायचेत. आठवीत असताना तिने थॉर्नबीच्या एका प्राध्यापक बाईंना पत्र लिहिलं होतं, सरोवराकाठी सापडलेल्या एका दगडाबद्दल. बाईंनी दोन पानी उत्तर पाठवलं – हाताने लिहिलेलं. ते अजून तिच्या पलंगाच्या वर भिंतीला टाचलेलं आहे. कोपरे पिवळे पडलेत. बाकीच्या मुली भिंतीवर गाणारे पोरगे लावतात.

२१ नोव्हेंबर

न राहवून थॉर्नबीलाच फोन लावला. नाव सांगितलं नाही. कोणीतरी तरुण मुलगा होता. म्हणाला, प्रवेश बघणारी माणसं वेगळी, शिष्यवृत्तीची समिती वेगळी.

‘‘पण बसतात एकाच इमारतीत?’’

‘‘मॅडम, आमच्याकडे ऑफिसची इमारतच एक आहे.’’

बरोबर बोलला बिचारा. पण एकाच इमारतीत म्हटलं की कॉफीच्या यंत्रापाशी काय बोलतात कोणास ठाऊक.

२८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. टर्की कोरडी झाली. मारेन जेवणानंतरचं गोड खायलाही वरून खाली आली नाही, निबंध चाललाय.

१ डिसेंबर

पाठवला! शेवटच्या दिवशी, पण पाठवला. कर्टने तिच्या पाठीवर थाप मारली.

३ डिसेंबर, मंगळवार

प्रिंटरच्या ट्रेमध्ये तिच्या निबंधाची प्रत पडली होती. वाचायला नको होती. वाचली.

शेजारच्या आर्व्हिडआजोबांचा बर्फात भोक पाडायचा जुना गिरमिट तिने दुरुस्त केला, त्यावर आहे. ते दोघं गोठलेल्या सरोवरावर बादल्या पालथ्या घालून बसायचे, एक मासा लागायचा नाही, आणि आजोबा तिला बायको गेल्यानंतरच्या गोष्टी सांगायचे. मला यातलं काही माहीत नव्हतं. उभ्या उभ्या रडले. इतकं चांगलं लिहिते ही?

आणि शेवटच्या परिच्छेदात – ‘म्हणूनच मला मार्लो कॉलेजमध्ये यायचं आहे.’

मार्लो! तिथेही हाच निबंध पाठवलाय, नाव बदलायचं राहिलं. वाटलं, ही जुनी प्रत असेल. तिच्या थॉर्नबीच्या खात्यात शिरून पाहिलं. पासवर्ड कुत्र्याचं नाव आणि घराचा नंबर, सप्टेंबरात फॉर्म भरताना तिनेच सांगितला होता. पाठवलेल्यातही मार्लोच.



४ डिसेंबर

तिला सांगू? सांगून ती काय करणार? पाठवलेलं बदलता येत नाही. मागच्या वर्षी एका परीक्षेत मार्क कमी पडले तर ही मुलगी दोन तास बाथरूमच्या फरशा घासत होती. पुढच्या आठवड्यात तिची गणिताची परीक्षा आहे.

खात्यातल्या शिष्यवृत्तीच्या पानावर बटण एकच – ‘अर्ज मागे घ्या’.

६ डिसेंबर

काल दवाखान्यात एका बाईंना दोनदा एकच वेळ दिली. डॉक्टर ओरडले. डोळ्यांपुढे सारखा एक माणूस येतो – एका हातात मारेनचा प्रवेशअर्ज, दुसऱ्या हातात हा निबंध. ‘हिला आपल्या कॉलेजचं नावही धड लिहिता येत नाही,’ म्हणतो आणि दोन्ही बाजूला ठेवतो.

निबंधाच्या वर काय लिहिलंय? ऐच्छिक. कोणी मागितलाच नव्हता! न मागितलेल्या कागदासाठी मागितलेला कागद बुडवायचा? विषाची परीक्षा घ्यायचीच कशाला?

९ डिसेंबर, सोमवार

घेतला मागे. जेवणाच्या सुट्टीत, दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरून. ‘नक्की?’ विचारलं. हो. ‘कारण (ऐच्छिक)’ – रिकामं सोडलं. पोच आली ती तिच्या मेलमधून पुसून टाकली, तिथेही पासवर्ड तोच.

आधी दार तर उघडू दे. पैशांचं मी बघेन. कर्टलाही मीच वळवेन. चोरी ती चोरीच, पण आईने केलेली.

१४ डिसेंबर

मारेन म्हणाली, ‘‘आई, शिष्यवृत्तीच्या शेवटच्या फेरीला मार्चमध्ये तिकडे बोलावतात. तुझा निळा कोट देशील?’’

देईन म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

८ जानेवारी

मार्लोचा नकार आला. मारेनने बाथरूमच्या फरशा घासल्या.

 मी मनात म्हटलं – बघ! तिथे शिष्यवृत्तीचा कागद तसाच ठेवला होता ना? आता थॉर्नबीत तरी तो आड येणार नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

मिळाला! थॉर्नबीत प्रवेश मिळाला!

जिन्यावरूनच किंचाळली. मग खाली येऊन माझ्या गळ्यात पडली आणि हुंदके देऊन रडली, लहानपणी रडायची तशी. कर्ट कामावर होता, फोन केला तर नांगर रस्त्याच्या कडेला लावून पाच मिनिटं बोलला. एवढा खूश मी त्याला तिच्या जन्मानंतर पाहिला नव्हता. आर्व्हिडआजोबा स्वतः धुरी दिलेला मासा घेऊन आले.

आणि मी? मला वाटत होतं, हे मी केलं. कोणाला सांगता येत नाही, पण मी केलं.

झोपताना कर्ट म्हणाला, ‘‘आता त्या शिष्यवृत्तीचं कळलं की सुटलो.’’

१ फेब्रुवारी

पतपेढीत जाऊन आले. घरावर जे मिळेल त्यात तिचं एक वर्ष निघेल. फार तर सव्वा. तिथली मुलगी ओळखीची आहे, मला पाणी आणून दिलं.

३ फेब्रुवारी

रविवारी दोघांना समोर बसवून सांगणार. नक्की. शब्द जुळवतेय. ‘तुझ्या भल्यासाठी’ने सुरुवात करायची नाही, एवढं ठरलंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी जेवताना मारेनचा फोन वाजला. हात बरबटलेले म्हणून तिने स्पीकरवर टाकला. थॉर्नबीच्या शिष्यवृत्ती समितीतल्या बाई. आधी प्रवेशाबद्दल अभिनंदन केलं. मग म्हणाल्या, ‘‘शेवटच्या फेरीच्या जागा आता भरल्या, पण मला विचारल्याशिवाय राहवलं नाही. तुझा निबंध आम्ही डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात वाचला होता. कॉलेजचं नाव चुकलं होतं, तरी सगळ्यांनी तुझ्याच नावावर खूण केली होती – पूर्ण फी, चार वर्षं. आणि तू अर्ज मागे घेतलास. का गं?’’

मारेन म्हणाली, ‘‘मी नाही घेतला.’’

‘‘मग कोणी घेतला?’’

कर्ट मारेनकडे बघत होता. मारेन माझ्याकडे.