माझ्याच जागेचे आकडे

बेगिमाय,

तू लग्न करून कझाकांच्या देशात गेलीस आणि मी रागाच्या भरात कॉलेज सोडून आपल्या किर्गीझ फौजेत शिरलो. आता त्याच कझाकांबरोबर आमचा सराव चाललाय. तोफा त्यांच्या, डोळे आमचे. मी उतारावर बसून नकाशावरून निशाण्याचे आकडे सांगायचे आणि त्यांनी खोऱ्यापलीकडून गोळा टाकायचा.

आज आकडे सांगताना मनात तू होतीस. वायरलेसवर त्यांचे म्हातारे तोफची, सेरिकबोल आगा, म्हणाले, "पोरा, तू बसलायस कुठे?"

मी जागा सांगितली.

"अरे गाढवा, मग निशाणा म्हणून तीच जागा का दिलीस? प्रेमात पडलायस की जिवावर उदार झालायस?"

मी नकाशा पुन्हा तपासून नवे आकडे दिले. गोळा डोक्यावरून शीळ घालत गेला आणि समोरचा अख्खा कडा धुरळा होऊन उठला. बेगिमाय, परक्या देशाची एवढी मोठी तोफ माझ्या शब्दावर फिरली, आणि त्याआधी माझ्यासाठी थांबली! अजून अंगावर काटा आहे.

तुझ्या सासरच्या देशाला वर्षभर शिव्या देत होतो, त्या आजपासून बंद. तुझ्या नवऱ्याचं मात्र अजून ठरत नाही, म्हणून हे पत्र खिशातच ठेवतोय.

तुझा नसलेला,
एल्दियार